आठला झोपवायचं म्हणे, आणि आजीला 'स्पष्ट सांगायचं'!

बोरीकाठची, अमळनेर

'पुण्यातला धुळेकर' यांची परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: दादा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस गावी येऊन गेले आणि त्यांना दिसलं की खान्देशात पोरांना बशीत चहा देतात, दीड वर्षाच्या तोंडाला ठेचा लावून हसतात, केळ्याने सर्दी होते म्हणतात आणि रात्री अकराला पोरं गच्चीवर धावत असतात. उपाय तीन दिलेत. मुलांचा स्वयंपाक वेगळा, आठला झोप, आणि 'आजीला स्पष्ट सांगायला शिका'.

दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

आधी झोप. दादा, मे महिन्यात अमळनेरात रात्री आठला काय असतं ते विसरलात का? दिवसभर ४४-४५ डिग्रीत भाजलेला स्लॅब तेव्हा गरमी खाली सोडायला लागतो. म्हणून सहाला गच्चीवर पाणी मारायचं, साडेनऊला गाद्या टाकायच्या, आणि दहाच्या पुढे जरा वारं सुटलं की पोरांना जीव येतो. तेव्हा ती धावतात. दिवसभर कोंडलेली असतात, धावणारच. माझा दीड वर्षाचा अकराला झोपतो, सातला उठतो, दुपारी एक ते चार पुन्हा गाढ. झाले अकरा तास. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास सांगते. घ्या, बसलं गणित.

वेगळा स्वयंपाक. रविवारी आमच्याकडे वरण-बट्टी. सासूबाई बट्टी वाटीच्या बुडाने चेचतात, खरपूस कड स्वतःच्या ताटात, मधला मऊ भाग नातवाला. वर तुपाची धार. मग वरचा तवंग पळीने बाजूला सारून तळाचं घट्ट वरण. फोडणीतली मिरची दिसली की दोन बोटांनी उचलून आपल्या ताटाच्या कडेला. जेवण होईपर्यंत त्यांच्या ताटाला पाच-सहा मिरच्यांची रांग लागते. हाच आमच्याकडचा वेगळा स्वयंपाक. गॅसवर दुसरं पातेलं चढत नाही, एवढंच.

आणि आजीला स्पष्ट सांगायचं! मी साडेदहा ते साडेपाच नोकरीवर, दोन्ही पोरं त्यांच्या अंगावर. मी स्पष्ट सांगेन, त्या स्पष्ट ऐकून घेतील, आणि सोमवारपासून त्यांचे गुडघे स्पष्ट दुखायला लागतील. मग पाळणाघराचे पैसे तुम्ही भरणार का?

पुण्यातला धुळेकर

ताई, मीही धुळ्यातच वाढलोय, स्लॅब काय असतो ते मला शिकवू नका. मे महिन्याचं समजलं. डिसेंबरात का अकरा वाजतात? तेव्हा तर शेकोटी असते.

आणि एवढं लांबलचक लिहिलंत, चहावर एक ओळ नाही. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. बशीतला चहा हा लाड नाही, भूक मारायची सोय आहे. पोरगं चहा-खारी खाऊन बसतं आणि मग 'जेवतच नाही हो' म्हणून ठेच्याचं बोट चाटवायचं!

भुसावळ पाळीवाला

मी रेल्वेत. चार ते बारा पाळी असली की घरी यायला साडेबारा. सकाळची असली की पहाटे पाचला घर सोडायचं. माझी पोरगी आठला झोपली तर आठवड्यातले तीन दिवस मला ती फक्त झोपलेली दिसेल. आमच्या क्वार्टरमध्ये निम्मी घरं अशीच. आठ वाजता झोप हे ज्याचं ऑफिस सहाला सुटतं त्याचं शास्त्र.

(डिसेंबरचा मुद्दा मात्र बरोबर आहे. थंडीत आमचीही अकराच वाजवते. सवय.)

आक्का, शिरपूर

पाच पोरं वाढवली मी, एकही दवाखान्यात नेलं नाही. चहा पिऊनच वाढली. एक आज तहसील कचेरीत आहे. आता आठ दिवसांसाठी येणार, आजीच्या हातातली बशी काढून घेणार आणि तिलाच शिकवणार. तुले काय समजस रे भाऊ? मन्हा नातू शे तो, तुन्हा प्रोजेक्ट नही.

पुण्यातला धुळेकर

आक्का, राग मानू नका. पण 'आमची वाढली' हे जी वाढली त्यांच्याबद्दल असतं. जी वाढली नाहीत ती कोणाच्या गोष्टीत येत नाहीत.

दोन लेकींचा बाप, जळगाव

चहाचं राहू द्या. केळ्याची टिंगल का केली? माझा अनुभव आहे. धाकटीला संध्याकाळी केळं दिलं की रात्री खोकला ठरलेला. तीनदा ताडून बघितलं. आमच्या वैद्यांनी शिकरणही बंद केलं, दूध आणि केळं विरुद्ध आहार म्हणून. पुण्यात बसून हसायला काय जातं?

रावेरचा बागायतदार

आता मला बोलावंच लागेल.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्याच जळगावात राहणारा बाप लेकीला केळं देत नाही! सर्दी विषाणूने होते दादा. माझ्या बागेत पाच हजार खोडं आहेत, त्यातलं एकही शिंकत नाही.

तुमची लेक संध्याकाळी अजून काय करते? नाक गळणाऱ्या पोरांसोबत खेळते? धुळीत लोळते? ते नाही ताडून बघितलं. सापडलं ते केळं, कारण ते गरीब आहे, बोलत नाही.

आणि हे नुसतं घरातल्या अंधश्रद्धेचं नाही, याचा मार आम्हाला बसतो. २०२३ ला शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं आणि अंडं न खाणाऱ्याला केळं असं ठरलं, तेव्हा आमच्याकडे लोकांना वाटलं, चला, निदान आपल्याच जिल्ह्यात खप वाढेल. आमच्या गावात पालकच शाळेत सांगायला गेले, 'थंडीत केळं देऊ नका.' केळी पिकवणारं गाव! गेल्या हंगामात मी किलोला बारा रुपयांनी माल कापून दिला. पुण्यात डझन साठ रुपयांना. मधले कुठे गेले ते तुम्हीच शोधा. आधी करपा रोग, मग कुकुंबर मोझॅक विषाणूने रोपं उपटायची, मग मे महिन्यातलं वादळ. एका रात्रीत घड लागलेली बाग आडवी झालेली पाहिली आहे का कोणी? आणि एवढं सगळं करून पिकवलेलं फळ पोराच्या तोंडापर्यंत गेलं की आजी हात धरते.

दोन लेकींचा बाप, जळगाव

भाऊ, तुमचा धंदा आहे, तुम्ही असंच बोलणार. कार्बाइडने पिकवता ते आधी थांबवा.

रावेरचा बागायतदार

धंदा नाही, शेती म्हणतात त्याला. मी हिरवी विकतो. कार्बाइडला बंदी आहे, आणि बंदी मोडणारा व्यापारी असतो, शेतकरी नाही. नीट पिकवणारे बंद खोलीत इथिलीनवर पिकवतात. तोच वायू पिकलं फळ स्वतः सोडतं. हे तुमच्या वैद्यांना विचारून घ्या. जळगावात राहून हे माहीत नसावं, कमाल आहे.

दोन लेकींचा बाप, जळगाव

माझ्या वैद्यांचं नाव काढायचं काम नाही.

भुसावळ पाळीवाला

अहो भो, पोरांच्या झोपेवर चाललं होतं.

रावेरचा बागायतदार

चालू द्या तुमचं. मी केळ्यावर आहे.

बोरीकाठची, अमळनेर

बागायतदार भाऊंशी सहमत, पण एक सांगू का, केळं हे पोटभरीचं फळ आहे. माझी जाऊ सहा महिन्यांच्या लेकीला दिवसातून तीनदा नुसतं केळं कुस्करून द्यायची, 'पौष्टिक' म्हणून. लेक गुबगुबीत, आणि दहाव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली. केळ्यात लोह जवळपास नाहीच. डॉक्टरांनी डाळ, नाचणी, पालेभाजी, अंडं सुरू करायला लावलं. म्हणजे केळ्याने सर्दी होत नाही हे खरं, आणि केळ्याने सगळं होतं हे खोटं.

पुण्यातला धुळेकर

लोह! ताई, लोहाचा मुद्दा आता तुम्हीच काढलात. मग चहा?

बोरीकाठची, अमळनेर

बरं. चहाचं तुमचं खरं. खूश? सासूबाईंना मी सांगणार नाही, ते वेगळं.

सेविका, चोपडा

सोळा वर्षं अंगणवाडी चालवते, सातपुड्याच्या पायथ्याला. तुमची सगळी भांडणं वाचली. झोप आठला की अकराला, यावरून माझ्याकडे आजवर एकही मूल आजारी आलेलं नाही. पण शेंगदाण्यावरून आलेलं आहे.

आपल्याकडे घरात शेंगदाणे कायम. डब्यात, खिशात, आजोबांच्या मुठीत. आमच्या वस्तीतला दोन वर्षांचा पोरगा हसता हसता दाणा चावत होता, तो श्वासनळीत गेला. दोन दिवस 'खोकला झालाय' म्हणून घरचे मध-हळद चाटवत होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा मला दाखवायला आणलं. मोठ्या शहरात नेऊन दुर्बीण घालून दाणा काढला. वाचला. पाच वर्षांच्या आत अख्खा शेंगदाणा, फुटाणा काहीच नको. कूट द्या हवं तितकं. यावर पोस्ट लिहायची होती की दादा.

आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबभरही नको, घुटीत घालूनसुद्धा. हे मी आज्यांनाच सांगते आणि त्या ऐकतात. स्पष्ट सांगून नाही. वजनाच्या दिवशी त्यांनाच काट्याजवळ उभं करते आणि आकडा त्यांना मोठ्याने वाचायला लावते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या हातात दंड मोजायची पट्टी देते. लाल म्हणजे मूल कुपोषित, आणि लाल रंग कोणालाही कळतो.

आक्का, शिरपूर

धुळ्याच्या भाऊ, तू म्हणालास ना, जी वाढली नाहीत ती गोष्टीत येत नाहीत.

सहावी आंडेर व्हती, पोरगी. गोवरमा गई. दोन वर्षांची.

चहाने नाही गेली ती.

सेविका, चोपडा

आक्का, कोणत्या साली? गोवराची लस सरकारी यादीत १९८५ च्या सुमारास आली. आता नवव्या महिन्यात एक आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरी असते.

आक्का, शिरपूर

त्याच्या आधीची गोष्ट. जाऊ द्या.

पुण्यातला धुळेकर

आक्का, मला माहीत नव्हतं. माफ करा. ते वाक्य तसं लिहायला नको होतं.

दोन लेकींचा बाप, जळगाव

बागायतदार भाऊ, शिकरणाचं उत्तर आलं नाही अजून.

रावेरचा बागायतदार

वैद्यांना विचारा.

भुसावळ पाळीवाला

धुळेकर दादा, एक विचारू? पोस्टमध्ये सगळ्यांच्या पोरांचं लिहिलंत. तुमचं स्वतःचं पोरगं त्या आठ दिवसांत कसं होतं?

पुण्यातला धुळेकर

साडेतीन वर्षांचा आहे. बरा होता.

भुसावळ पाळीवाला

बरा म्हणजे?

पुण्यातला धुळेकर

म्हणजे जेवला. पुण्यात समोर मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. एका पोळीला पाऊण तास. पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या वर स्क्रीन नको हे मलाही पाठ आहे, तो तास आमचा सकाळच्या दुधातच संपतो. गावी माझ्या आईने चार चुलत भावंडांच्या पंगतीत बसवला, समोर कोंबड्या, मोबाईल कोणी विचारला नाही. दोन बट्ट्या खाल्ल्या त्याने. ठीक आहे? लिहून घ्या. पण रोज अकराला झोपायचा, आणि परत आल्यावर दहा दिवस आमचे हाल झाले. त्या रागातच पोस्ट लिहिली.

बोरीकाठची, अमळनेर

हे आधी सांगितलं असतंत तर माझी दुपार वाचली असती.

पुण्यातला धुळेकर

तरी ठेच्याचं बोट चुकीचंच. त्यावर मी हटणार नाही.

बोरीकाठची, अमळनेर

त्यावर आमच्या घरात कोण भांडतंय? ते बोट सासऱ्यांचं असतं, आणि सासूबाई त्यांच्या हातावर चापट मारतात.

रावेरचा बागायतदार

धुळेकर दादा, पत्ता कळवा. आमचा पोरगा शनिवारी गाडी घेऊन पुण्याला येतोय, एक घड टाकतो. हिरवा असेल. फण्या सोडवा, पोत्यात गुंडाळा, मधे दोन पिकलेली केळी ठेवा, तीन-चार दिवस उघडू नका. फ्रिजमध्ये घालू नका, काळी पडतात. सर्दी झाली तर जळगावच्या दादांना कळवा.

दोन लेकींचा बाप, जळगाव

वाचतोय मी.

बोरीकाठची, अमळनेर

चहाची ताजी खबर. सासूबाईंना मी काही बोलले नव्हते, पण नवऱ्याने हा धागा त्यांना वाचून दाखवला. आज सकाळी पोराच्या बशीत दूध होतं. वर त्यांनी आपल्या कपातला चमचाभर चहा टाकला. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "रंगापुरता गं. पांढरं बघून तोंड फिरवतो."