गोव्याच्या सत्तरी-सांगे भागात एकट्याने एक रात्र रानात: जागा, परवानगी, सामान?

म्हापसा_ते_मोलें

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकच रात्र, एकट्यानेच, रानात मुक्काम करायचा आहे. जेवणासकट पॅकेजवाले तंबू नकोत. मनात तीन जागा आहेत: सुर्ल, केरीचा वाघेरी डोंगर, नाहीतर नेत्रावळीच्या सावरी धबधब्याचा परिसर. सामानात दोन माणसांचा दुहेरी कापडाचा तंबू, एक हॅमॉक (मच्छरदाणी नाही), फोमची चटई आणि छोटा गॅस स्टोव्ह. परवानगी कोणाची लागते? तंबू बरा की हॅमॉक? पाणी किती न्यावं? आणि बिबट्याचं काय?

व्हाळाकाठी

तिन्ही जागा बाद. वाघेरी आणि सुर्ल म्हादई अभयारण्यात येतात, सावरी नेत्रावळी अभयारण्यात. ही दोन्ही अभयारण्यं १९९९ साली जाहीर झाली. उत्तरेकडून म्हादई, मग भगवान महावीर म्हणजे मोलें, मग नेत्रावळी आणि खाली खोतीगाव अशी सलग रांग आहे, म्हणजे गोव्याच्या बाजूचा जवळजवळ सगळा घाट त्यातच आला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २७ विनापरवाना प्रवेशच अडवतं आणि कलम ३० आगीबद्दल आहे. गेटवर मिळतं ते दिवसाचं तिकीट, रात्रीचा परवाना नव्हे. वनखात्याच्या हद्दीत रात्र काढायची तर बोंडल्यासारख्या ठिकाणी त्यांच्याच कॉटेजमध्ये राहा. पण तुम्हाला ते नकोच आहे, असं दिसतं.

मग उरतं ते अभयारण्याबाहेरचं खाजगी भाट, म्हणजे बागायत. तिथे भाटकाराला, म्हणजे मालकाला, विचारून राहायचं. सत्तरीत मात्र यात एक गोम आहे. अल्वारा आणि मोकासो या जुन्या हक्कांच्या जमिनींमुळे कागदावरचा मालक एक आणि काजू राखणारा दुसरा, असं सर्रास असतं. पणजीत राहणाऱ्या मालकाने फोनवर ‘जा की’ म्हटलं, तरी संध्याकाळी तुमच्यासमोर येऊन उभा राहील तो कसणारा. त्याची परवानगी खरी. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक, जमिनीवर तंबू पाहिला की लोकांना आधी अतिक्रमणच आठवतं, तिथे जाऊच नका. देवराईही नको. केरीची आजोबाची राय असो की एखाद्या वाड्याची चार झाडांची राय, तिथे झोपणं म्हणजे सकाळी अख्ख्या गावाशी वाद.

आता बिबट्याचं. माणसाची चाहूल लागली की तो बहुधा स्वतःच वाट बदलतो. काजूच्या भाटात त्याच्यापेक्षा जास्त भीती रानडुकरासाठी लावलेल्या फासांची आणि चोरून वीज सोडलेल्या तारांची. त्याच्या जोडीला पीकसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका. अंधारात झुडपाआड हलणारा बारीक उजेड लांबून जनावराच्या डोळ्यासारखा दिसू शकतो. म्हणून कसणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: तार कुठे आहे, फास कुठे आहेत, रात्री राखणीला कोण येतं. शेजारच्या भाटवाल्यालाही कळवा. लपूनछपून मुक्काम ही कल्पना इथे मूर्खपणाची आहे. तुम्ही कुठे आहात हे जितक्या जास्त लोकांना ठाऊक, तितकं बरं.

बांदोडकर_बॅकपॅक

कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, मोहात पडू नका. फोटोत सावली छान दिसते, पण पोफळींना पावसाळा संपला की पाणी द्यावं लागतं. पहाटे पाट सोडला किंवा स्प्रिंकलर सुरू केला की तंबू पाण्यात. त्यात वरून सुकी झावळं पडतात, खाली जमीन ओली म्हणून बेडूक, आणि बेडकांमागे साप. माडाखाली तर दिवसासुद्धा बसू नये.

तंबू की हॅमॉक हे जमिनीवर ठरतं. सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभा असतो. तिथे तंबूबरोबर येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या दोन इंच जाऊन वाकतात. खुंट्यांच्या भानगडीत न पडता दोरीच्या टोकाला डोक्याएवढा चिरा बांधा, त्यावर दुसरा ठेवा. दोरी चिऱ्याच्या धारेवर घासून तुटते, म्हणून तिथे कापडाची घडी घाला. तळाखाली प्लॅस्टिक अंथरणार असाल तर ते तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवं, बाहेर डोकावलं तर वरचं पाणी गोळा करून आत ढकलतं.

डिसेंबरात पाऊस नाही, पण दव आहे. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि पावणेसातनंतर उगवतो. जवळजवळ तेरा तास अंधार, आणि त्यातले बरेच तास दव पडत राहतं. वरून आपल्या श्वासाची वाफ. खिडक्या बंद करून झोपलात तर पहाटे आतल्या कापडाला हात लावताच पाणी टपकेल, आणि मग ‘तंबू गळका निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण. दोन्ही बाजूंची वरची झडप उघडी ठेवा, बाहेरचं कापड आतल्याला टेकणार नाही इतकं ताणा. व्हाळापासून (ओढ्यापासून) पन्नास-साठ पावलं लांब आणि चार हात उंच राहा. थंड ओली हवा खाली साचते, शिवाय गवे पाण्यावर उतरतात ती वाट तीच असते.

हॅमॉकबद्दल: मच्छरदाणी नसेल तर विसरा. ती घेतलीत तरी डास खालून एकेरी कापडातून चावतात, फोमची चटई आत घालावीच लागते. झाडं चार-पाच मीटर अंतरावर, पट्टा निदान इंचभर रुंद, दोरीचा कोन अंदाजे ३० अंश, बसल्यावर जमिनीपासून दीड फूट. काजूची फांदी ठिसूळ, पोफळ बारीक, ती दोन्ही नकोत. जुनी माट्टी उत्तम. गोव्याचा राज्यवृक्ष, साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, ओळखायला सोपा.

पट्टा बांधण्याआधी वर बघा. पानं एकमेकांना शिवून केलेला मुठीएवढा किंवा नारळाएवढा गोळा दिसला तर ती हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, घरटी. एका झाडावर नसले तरी शेजारच्या झाडाची फांदी टेकलेली असेल तर रात्री पट्टा हा त्यांचा पूल. बुंध्यावर तळहात टेकवून मिनिटभर थांबा, लाल मुंग्या हातावर चढल्या की झाड बदला.

डिचोलीचो_पावणो

मी वेगळं मत मांडतो. बारीकशी शेकोटी हवीच. जनावर जवळ येत नाही, डास कमी होतात, एकट्या माणसाला धीरही येतो. दगडाचं रिंगण केलं की आग पसरत नाही.

व्हाळाकाठी

रिंगण बाजूने पसरणारी आग अडवतं, उडणारी ठिणगी नाही. काजूखाली पाचोळ्याचा थर वीतभर असतो आणि डिसेंबरात वरचा भाग कोरडा झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे आत धुमसणारं मूळ. वरून विझलेलं दिसतं, तुम्ही घरी पोहोचता आणि तिसऱ्या दिवशी डोंगराला आग. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या परिसरात किती दिवस डोंगर जळत होते ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर कुठलाही भाटकार आगीला हो म्हणणार नाही, आणि म्हणाला तरी लावू नका. गव्याला शेकोटीचं भय असतं हेही फारसं खरं नाही. डासांसाठी जाळी आहे. धीर हवा असेल तर लहान रेडिओ न्या.

गोमेकॉ_शेजारी

इथे सगळे बिबट्या आणि गवा म्हणतायत, पण सत्तरीत जाताय तर पहिला प्रश्न गोचिडीचा. माकडताप म्हणजे केएफडी सत्तरीत २०१५ पासून आहे, पाली गावापासून सुरुवात झाली. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे तुमचा मुक्काम नेमका त्याच्या तोंडावर. चावणारी गोचीड बहुतेक वेळा पिल्लावस्थेतली असते, खसखशीच्या दाण्याएवढी, पाचोळ्यात बसलेली. त्यामुळे पाचोळ्यावर आडवं पडायचं नाही, पाठ टेकायची नाही, बॅगसुद्धा दगडावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवायची. तंबूची जागा फांदीने जमिनीपर्यंत साफ करा, नुसता पाय फिरवून नव्हे. मेलेलं माकड दिसलं तर तिथून लगेच निघा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

कपडे फिक्या रंगाचे, पँट मोज्यात खोचलेली. उघड्या अंगाला गोचीड पळवणारं डीपा तेल किंवा डीईईटीवालं मलम. दर दोन तासांनी घोटे, गुडघ्यामागे, कंबरपट्टा, काख, कानामागे टॉर्चने बघा. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ वर ओढा. पिळायचं नाही, रॉकेल नाही, काडी पेटवून चटका नाही. त्याने ती आतलं सगळं तुमच्या अंगात ओकते. नखाने चिरडू नका, हात साबणाने धुवा.

परतल्यावर आठ दिवस ताप मोजा. चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत अचानक जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंगदुखी असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा की सत्तरीत रानात झोपलो होतो. न सांगितल्यास तो डेंगीच धरेल. तोवर फक्त पॅरासिटामॉल. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सापाचं थोडक्यात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो तो बहुधा मण्यार. दुखत नाही, सूज नाही, काही तासांनी पोटात कळ आणि पापण्या जड. तंबूची झिप पूर्ण बंद, दोन्ही सरक एका कोपऱ्यात आणि बूट आत, एवढ्याने बराच धोका टळतो. व्हाळाजवळ फांदी धरण्याआधी बघा, चापडा हा विषारी साप हाताच्या उंचीवर बसतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते, चापड्यासाठी नाही. चावलं तर कापणं, चोखणं, आवळणं काही नको. हातपाय हलवू नका, वेळ लिहून ठेवा, १०८.

आणि खाजकुयली! त्या महिन्यात शेंगा सुकायला लागतात. मखमली तपकिरी शेंगांचा वेल तंबूच्या वाऱ्याच्या बाजूला असेल तर रात्र खाजवण्यात जाईल. शेंगेवरची लव अंगावर आली तर चोळू नका, चिकटपट्टीने उचला.

म्हापसा_ते_मोलें

आभार. सत्तरी सोडली. सांग्याजवळ अभयारण्याबाहेर ओळखीच्यांचं काजूचं भाट आहे, कसणाऱ्याशी बोलणं झालं, तो तार लावत नाही म्हणतो. तिथून पाणवठा अर्धा तास. स्टोव्ह आणि पाण्याबद्दल कोणी सांगेल?

बांदोडकर_बॅकपॅक

तार नाही हे त्याच्याबरोबर कुंपणाकडेने दिवसा एक फेरी मारून स्वतः बघा. शेजाऱ्याची तार असू शकते. आणि सांग्यात आलात म्हणून वरचं गोचीडपुराण विसरू नका, पाचोळा तिकडेही तोच.

पाणी एका रात्रीला पाच लिटर, घरूनच. दोन प्यायला आणि दीड दुसऱ्या दिवशीच्या उतरणीला, बाकी स्वयंपाक आणि हातपाय. व्हाळाचं प्यायची वेळ आलीच तर कापडातून गाळून खळखळून एक मिनिट उकळा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका आहे. खाणीच्या जुन्या खड्ड्यातलं पाणी निळं दिसतं म्हणून भुलायचं नाही, कडा घसरतात.

स्टोव्ह मोकळ्या दगडावर, चारी बाजूंनी हातभर पाचोळा काढून. तंबूच्या आत किंवा दारात कधीही नाही, कापड वितळतं आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावलात तर तो गॅसच्या डब्याला वेढू नये, डबा तापून फुटतो. डबा हाताला गरम लागला की बंद करा. खरं म्हणजे एका रात्रीला स्टोव्ह लागतच नाही: पोय (गोव्याचा पाव), उकडलेली अंडी, केळी, थर्मासमध्ये चहा. सुका बांगडा आणि किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) घरी ठेवा, वासाने कुत्री, कोल्हे आणि मुंग्या तिघंही येतात. उरलेलं दोन पिशव्यांत बांधून तंबूपासून तीस पावलांवर फांदीला.

चारच्या आत पोहोचा म्हणजे उजेडात तंबू लागतो. रेंज कुठल्या टेकाडावर येते ते आधी कसणाऱ्याकडून कळून घ्या आणि घरच्यांना वेळ ठरवून द्या: रात्री आठला एक मेसेज, सकाळी आठला दुसरा. नऊपर्यंत आला नाही तर आधी कसणाऱ्याला फोन, मग ११२. त्याचा नंबर घरी कागदावर लिहून ठेवा.