गुन्हेशास्त्र आणि कैद्यांचे पुनर्वसन शिकायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
नमस्कार. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून समाजशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. आमच्या गावालगत पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती आहे. तिथल्या एका मुलाला मागच्या पावसाळ्यात चोरीच्या संशयावरून पकडले. जामीन मंजूर झाला, पण सातबारा असलेला जामीनदार मिळाला नाही, म्हणून कापूस घरी येईपर्यंत तो आतच राहिला. त्याची आई जामिनाचा आदेश पदराच्या गाठीत बांधून आमच्याकडे आली होती. बाबांनी तिला नाही म्हटले, तेव्हा मी दारातच उभी होते. तेव्हापासून हाच विषय शिकावा असे वाटते. शेती कोरडवाहू असल्यामुळे पुण्या-मुंबईचा खर्च सध्या झेपणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त तुरुंगाधिकारी, अमरावती)
ताई, कारागृह शिपाई होण्यासाठी बारावी पुरते. मैदानी चाचणी 50 आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. पण तुमचा ओढा सुधारणेच्या कामाकडे दिसतो. न्यायाधीन बंदी आणि शिक्षाबंदी, म्हणजे आपल्या बोलण्यातले कच्चे (खटला चालू असलेले) आणि पक्के (शिक्षा झालेले) कैदी, यांतला फरक आधी नीट समजून घ्या, कारण सुधारणेचे बहुतेक उपक्रम पक्क्या कैद्यांसाठी आखलेले असतात आणि बराकीतली गर्दी मात्र कच्च्या कैद्यांची असते. पुढे कधी परवानगी मिळाली तर मोर्शीचे खुले कारागृह पाहा; तिथे भरवशाच्या कैद्यांना कमी बंदोबस्तात ठेवतात. वर्षानुवर्षे झडती देत आलेला माणूस शेतातून परतून, हातपाय धुऊन, संध्याकाळच्या मोजणीला आपणहून रांगेत उभा राहतो. त्याच्यावर एवढा भरवसा कधी टाकायचा, हे ठरवणे आमच्या नोकरीतले सर्वांत अवघड काम होते.

उत्तर (विधी स्वयंसेविका, वाशीम)
त्या मुलाचे हाल टळू शकले असते, म्हणून सविस्तर लिहिते. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिना उलटल्यास न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचे असते. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असली तरीही ही सवलत मिळत नाही, आणि बेड्यावरच्या मुलांच्या बाबतीत आधी हेच तपासावे लागते. तालुका विधी सेवा समितीकडे स्वयंसेवक म्हणून अर्ज करा; शिक्षण सांभाळून हे काम करता येते.

उत्तर (एम. एस. डब्ल्यू., नागपूर)
पदवीनंतर समाजकार्याचे शिक्षण घ्या. महिला व बाल विकास विभागातील परिविक्षा अधिकाऱ्याच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्याच्या) कामासाठी ते फार उपयोगी पडते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो, त्याचे अहवाल वाचा. आणि अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा तर आधीच वाचा. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिला संशय बेड्यावरच का जातो, हे त्यातून कळते.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी समितीच्या कार्यालयात जाते. मुलाचा खटला अजून चालू आहे आणि तो आदेश त्याच्या आईने जपून ठेवला आहे. तिलाही सोबत नेईन.