हळद भाजीत किती आणि कॅप्सूलमध्ये किती?

धागाकर्ती:
सांधे दुखत असतील तर मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल घ्यावी, हा सल्ला हल्ली घरोघरी पोहोचला आहे आणि त्याच्या समर्थनार्थ ‘आपल्या आज्या-पणज्या हळद खातच होत्या’ एवढेच सांगितले जाते. माझा आक्षेप या युक्तिवादाला आहे. चार माणसांच्या वरण-भाजीत मिळून अर्धा छोटा चमचा, म्हणजे अंदाजे दीड ग्रॅम हळद पडते. तीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे मुख्य द्रव्य, सुमारे ३ टक्के धरले, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम ११ मिलिग्रॅम येते. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते ४७५ मिलिग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १८० मिलिग्रॅम आहे. त्यात मिरीतील पायपेरिनमुळे यकृत आणि आतडे कर्क्युमिनचा निचरा नेहमीच्या वेगाने करू शकत नाहीत; १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या प्रयोगात त्याच्या जोडीने कर्क्युमिनचे शोषण वीस पटींनी वाढले होते. आज्यांनी असे काही कधीच खाल्ले नव्हते.

प्रतिसाद १ (असहमत):
ही मर्यादा कर्क्युमिन खाद्यरंग म्हणून वापरण्यासाठी ठरवलेली आहे. ती ओलांडली म्हणजे विषबाधा झाली, असे नव्हे. हळदीमुळे यकृताला इजा झाल्याचा जो अमेरिकी अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात रुग्ण होते दहा आणि त्यांपैकी सातांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. लाखो लोक हे पदार्थ घेत असताना दहा जणांवरून घबराट पसरवणे योग्य नाही. जखमेवरच्या हळदीचे १९९५ चे अमेरिकी पेटंट डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) १९९७ मध्ये रद्द करून घेतले, ते परंपरेच्या लेखी आधारावरच. तेव्हा परंपरा पुरावा ठरली, मग आता का ठरू नये?

धागाकर्ती:
तो पुरावा ‘हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून होते’ एवढ्यापुरता होता, आणि तोही जखम भरण्याच्या उपयोगाबद्दल. अर्काच्या रोजच्या मात्रेबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्या दहा रुग्णांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. आपल्यात तो जनुकीय प्रकार आहे की नाही, हे कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असते? इटलीतही २०१९ मध्ये असे रुग्ण आढळले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये इशारा दिला.

प्रतिसाद २ (अंशतः सहमत):
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात हरिद्रा चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिलेली आहे. त्यामुळे छोटा चमचाभर हळद दुधातून घेणाऱ्याला घाबरवू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र चूर्णाची मात्रा एकवटलेल्या अर्काला लावणे आयुर्वेदाला धरून नाही, आणि आयुर्वेदाचे नाव सांगून ते विकणे मला अधिक खटकते.

प्रतिसाद ३ (सहमत):
चूर्णाबाबतही एक अपवाद लक्षात घ्यावा. हळदीतील ऑक्सलेट, म्हणजे ज्यापासून मूतखडा बनू शकतो तो घटक, बव्हंशी विरघळणारे असल्याने लघवीत उतरते. माझ्या वडिलांना मूतखडा दुसऱ्यांदा झाला, तेव्हा ते रोज दोन मोठे चमचे हळद पाण्यातून घेत असल्याचे डॉक्टरांनी खोदून विचारल्यावरच समजले. ‘ती काय, घरचीच वस्तू’ म्हणून त्यांनी सांगितलेच नव्हते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर हे न विसरता सांगावे.

प्रतिसाद १:
मूतखड्याचा मुद्दा मान्य. तरीही माझे मत असे की खरा धोका भेसळीचा आहे. पिवळेपणा वाढवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग मिसळला जातो, हे बांगलादेशातील २०१९ च्या संशोधनाने दाखवून दिले. शिसे हे निर्विवाद विष असल्याने त्याविरुद्ध आधी आवाज उठवावा.

धागाकर्ती:
अवश्य उठवू. पण भेसळीची हळद चिमूटभर खाणाऱ्यापेक्षा चमचा-चमचा खाणाऱ्याच्या पोटात शिसे कितीतरी अधिक जाईल, म्हणजे हा मुद्दाही शेवटी मात्रेकडेच येतो. कॅप्सूलच्या बाटलीवर कर्क्युमिन आणि पायपेरिनचे मिलिग्रॅम ठळक छापले जावेत, आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना बाटलीच दाखवावी, एवढी माझी मागणी आहे.