ग्रीन कार्डाच्या रांगेसाठी आपण ‘पॅक’ काढावी का?

मिशिगनवासी

अमेरिकेत नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून अधिक कार्डे एकाच देशात जन्मलेल्यांना मिळू नयेत, असे बंधन आहे आणि त्यापायी भारतात जन्मलेल्यांची रांग काही दशकांची झाली आहे. हे बंधन उठवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपला वेगळा मसुदा मंजूर केला. पण दोहोंचा मेळ बसण्याआधीच सभागृहाची मुदत संपली. सदिच्छा होती, पाठपुरावा करणारे हात कमी पडले, असे मला वाटते. म्हणून नागरिकत्व मिळालेल्या आपण मराठी मंडळींनी एक छोटी राजकीय कृती समिती, म्हणजे पॅक, स्थापावी. तिला एका व्यक्तीकडून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत घेता येतात आणि पुरेसे देणगीदार व उमेदवार जमून बहुउमेदवार दर्जा मिळाला, की एका उमेदवाराला दर निवडणुकीस ५,००० डॉलर देता येतात. एवढ्याने कोणी विकत घेतला जात नाही, हे मान्य. परंतु भेटीची वेळ मागताना आपले नाव ओळखीचे असते.

रांगेतला

असहमत. मी बारा वर्षे एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डधारकाला पॅकला देणगी देता येते, मला येत नाही. इतकेच नव्हे, पैसे कोणाला द्यायचे या निर्णयातही कायद्याने मला सहभागी होता येत नाही. म्हणजे दुखणे माझे आणि औषध ठरवताना मी खोलीबाहेर. शिवाय जे रांगेतून पार झाले, त्यांना रांगेची आठवण किती दिवस राहते, हे आपण सगळे जाणतो (राग मानू नये). माझ्या मते पैशापेक्षा आपापल्या मतदारसंघातील प्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष माणसे उभी करावीत: गावाकडच्या रुग्णालयातला डॉक्टर, एकवीस वर्षे पूर्ण होताच आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडणारी मुलगी.

माजी खजिनदार

एका लहान पॅकचे हिशेब मी दोन निवडणुका सांभाळले, म्हणून थोडे व्यवहाराचे. खजिनदाराचे पद रिकामे असेल, तर समितीला एक डॉलर घेताही येत नाही आणि खर्चताही येत नाही. वर्षभरात २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक कंपनी निवडणूक आयोगाकडील अहवालात द्यावी लागते व ते नाव कोणालाही वाचता येते. मंदिराच्या पावतीवर हौसेने नाव घालणारे आपले लोक इथे मात्र बिचकतात. दुसरे म्हणजे, करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्र मंडळांना उमेदवारांच्या प्रचारात भाग घेण्यास मनाई आहे, त्यामुळे ‘मंडळाच्या यादीवर एक निरोप टाकू’ असे कोणी म्हणेल, त्याला तिथेच थांबवावे.

पैशाच्या ताकदीविषयी आपल्याच मिशिगन राज्यातले उदाहरण पाहा. बेळगावचे श्री ठाणेदार (इथे ‘श्री’ हे नावच आहे) यांनी २०१८ च्या गव्हर्नरपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत स्वतःचे लाखो डॉलर ओतले आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये त्यांच्या प्रतिस्पर्ध्यासाठी एका सुपर पॅकने (उमेदवाराला थेट पैसे न देता स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करणाऱ्या समितीने) ४० लाखांहून अधिक डॉलर खर्चले, तरी प्रतिनिधिगृहातली डेट्रॉइटची जागा ठाणेदारांनी जिंकली.

मिशिगनवासी

त्याही वेळी ठाणेदारांकडे स्वतःचा पैसा होता, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या बकली निकालापासून उमेदवाराला स्वतःवर हवा तेवढा खर्च करता येतो. हे उदाहरण पैसा निरुपयोगी ठरवत नाही. मंडळाच्या यादीचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानात नव्हता, तो मान्य करतो. ‘रांगेतला’ यांना विचारतो: विनावेतन स्वयंसेवक म्हणून काम करण्यास आपल्याला बंदी नाही, तर समितीची पत्रके तुम्ही लिहाल का?

रांगेतला

लिहिणार नाही. त्या पत्रकाखाली समितीचे नाव आणि खर्च कोणी केला याची ओळ असेल, आणि माझी बारा वर्षे त्या ओळीच्या वर कुठेतरी हरवतील. माझ्या प्रतिनिधीला मी स्वतःच्या सहीने लिहितो. मसुदा तपासून द्याल, तर उपकार होतील.