ओव्याचं तेल आणि घाटे अळी
ओव्याच्या तेलातलं थायमॉल घाटे अळीच्या आतड्यातलं ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) बंद पाडतं, असा एक दावा डॉकिंगच्या गुणांकावरून, म्हणजे रेणू एन्झाइमात कितपत बसतो याच्या संगणकी अंदाजावरून, केलेला आहे. प्रथिनं पचली नाहीत तर अळी खुरटते, एवढं मान्य. पण ट्रिप्सिनमध्ये प्रथिन जिथं अडकतं, त्या खाचेच्या तळाशी अ‍ॅस्पार्टेट हे ऋणभारित अमिनो आम्ल असतं. त्याला लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांवर असतो तसा धनभार हवा, तो थायमॉलवर नाहीच. शिवाय दीडशे रेणुभाराचा एवढासा रेणू तिथं घट्ट टिकणार कसा? संगणक काहीही कुठंतरी बसवून दाखवतोच.

खरा ट्रिप्सिनरोधक सोयाबीनच्या दाण्यातच आहे. जैवरसायनशास्त्रज्ञ मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली ते प्रथिन स्फटिकरूपात वेगळं केलं. कच्चं सोयाबीन कोंबड्यांना देत नाहीत, आधी उष्णता देतात, ते मुख्यतः यामुळेच. तरीही आमच्या औसा भागात ही अळी तुरीबरोबर सोयाबीनच्या शेंगाही पोखरते. कारण रोधक पोटात गेला की ती त्याला न जुमानणारी दुसरी प्रोटिएझं (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) तयार करते. एवढ्या घट्ट बसणाऱ्या प्रथिनाला ती पुरून उरते, तर थायमॉलचं काय! तेव्हा आधी अळीच्या आतड्याच्या अर्कावर प्रत्यक्ष चाचणी घ्या. त्यात थोडं डिटर्जंट घालूनही बघा, नाहीतर तेलाचे सूक्ष्म थेंबच एन्झाइमला चिकटून खोटा परिणाम दाखवतील.