मदत हवी आहे: तीर्थन खोरे, जुजुराणा आणि आई

शेवाळ:
तिकिटं काढून झालीत, त्यामुळे "जाऊ नका" सोडून काहीही सांगा. हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला चाललोय, आईला घेऊन. एकच पक्षी बघायचाय, जुजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान. कुठे राहायचं, किती दिवस लागतील? होमस्टेवाला प्रत्येक प्रश्नाला "मिल जाएगा जी" म्हणतो. जरा लवकर सांगा, आगाऊ पैसे भरायचेत.

दिवाभीत:
महिना कोणता? तीर्थन खोऱ्यातून की सैंज खोऱ्यातून? आई किती चालू शकतात?

कडेकपारी:
मेच असणार हो, त्या पक्ष्यासाठी दुसरं कोण कधी जातं! मी मेमध्येच गेलो होतो. गुशैणी गावाहून पायी रोल्ला, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी वर शिल्ट. रोल्ल्यापासून जवळजवळ हजार मीटरची चढण, उद्यानात गाडीरस्ता नाहीच. उजाडायच्या आधी नर ओरडतो, हरवलेलं पोर रडावं तसा. तीन पहाटे नुसता ऐकला. दिसला एकदाच, निरगालच्या (तिकडचा बारीक बांबू) जाळीत लाल मान, दोन सेकंद. परवान्याचं गाइडच बघतो.

ठिपकेवाला:
तीन पहाटे कशाला? मोबाइलवर त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा, समोर येतो.

दिवाभीत:
ठिपकेवाला, मे म्हणजे विणीचे दिवस. सगळं सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडायला येतो, हे कौतुकाने काय सांगताय? आधीच हा पक्षी संकटग्रस्त.

ठिपकेवाला:
एकदा वाजवल्याने कुणी मरत नाही. तुम्ही गेलायत का तिकडे?

दिवाभीत:
दोनदा. न वाजवता. न दिसता.

गढवालप्रेमी:
ट्रॅगोपानचा नाद सोडा, उत्तराखंडात चोपत्याला जा. तुंगनाथच्या पायवाटेवर मोनाल दिसतात, आईसुद्धा खूश.

कडेकपारी:
अहो, तिकिटं झालीत त्यांची.

मनीमाऊ:
सराहनला या पक्ष्याचं पैदास केंद्र आहे ना? अवांतर: देवाने प्रत्येक पक्ष्याचं एकेक पीस घेऊन हा घडवला म्हणतात, म्हणून जुजुराणा, पक्ष्यांचा राजा. 2007 पासून हिमाचलचा राज्यपक्षीही हाच. आधी मोनाल होता.

ठिपकेवाला:
पिंजऱ्यातला पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीत धरत नाहीत.

बापूसाहेब:
दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी) घ्या. 10×42 ने चित्र जास्त थरथरतं. जळवांसाठी तंबाखूचं पाणी मोज्यांना लावा.

कडेकपारी:
बापूसाहेब, जळवा पावसाळ्यात.

शेवाळ:
महिना लिहायचा राहिला वाटतं. संक्रांत झाली की निघतोय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला चालते, चढ नाही. बाकी तब्येत उत्तम. आता सांगा.

कडेकपारी:
संक्रांत! मी इतका वेळ काय टंकत होतो?

दिवाभीत:
शिल्टला तेव्हा बर्फ. जलोडी खिंडीचा रस्ताही बहुतेक बंद. ट्रॅगोपान हिवाळ्यात खाली सरकतो, पण गप्प असतो आणि राहतो उभ्या उतारांच्या जंगलात. आईंना तिथे नेऊ नका. त्यापेक्षा गुशैणीच्या आसपास नदीकाठी चार दिवस राहा. वरचे बरेच पक्षी थंडीत खालीच येतात. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट दगडादगडावर शेपूट हलवत असतो. ब्राउन डिपर गारठलेल्या पाण्यात सरळ बुडी मारतो. मोठा तुरेवाला खंड्या. आणि कड्यांकडेही बघत राहा, वॉलक्रीपर याच दिवसांत खाली येतो, पंख उघडले की किरमिजी. हे सगळं खुर्चीत बसून. निलांग (निळा माशीमार पक्षी) मात्र शोधू नका, तो तेव्हा आपल्या सह्याद्रीत आलेला असतो.

शेवाळ:
म्हणजे जुजुराणा नाही?

दिवाभीत:
नाही.

गढवालप्रेमी:
चोपत्यालाही जानेवारीत बर्फच असतो म्हणा.

शेवाळ:
आईला वाचून दाखवलं. म्हणते, बुडी मारणारा चालेल, तुझा राजा तू मेमध्ये एकटा बघून ये. नदीकाठची खोली घेतोय. रात्री गरम राहते का तेवढं सांगा, होमस्टेवाल्याला विचारलं तर "मिल जाएगा जी".

मनीमाऊ:
खोलीत तंदूर आहे का विचारा, तिकडे लाकडाच्या शेगडीला तंदूर म्हणतात. आणि लाकडाचे पैसे धरलेत की वेगळे, तेही आत्ताच ठरवा.