बोटीवर वारलेल्या भावाची भरपाई: वहिनीनं सही करावी का?

नमस्कार मंडळी,

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातला (जि. बेळगाव). माझा चुलत भाऊ पनामाचा झेंडा असलेल्या मालवाहू बोटीवर ऑईलर, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी होता. दीड महिन्यापूर्वी भर समुद्रात, इंजिन रूममधली वॉच (कामाची पाळी) संपवून वर येताना जिन्यातच कोसळला आणि गेला. बॉडी गोव्यात दाबोळी विमानतळावर आली, आम्ही चोर्ला घाटातून रातोरात घेऊन आलो. बॅग मागाहून आली. दोन बॉयलर सूट आणि पोरीसाठी घेतलेली रंगपेटी, सील न फोडलेली. असो.

आता त्याला बोटीवर लावणारा मुंबईचा एजंट म्हणतो, हार्ट अटॅक म्हणजे नैसर्गिक मरण, कंपनीवर काही येत नाही, तरी माणुसकी म्हणून थोडी रक्कम देतो. त्यासाठी चार पानी इंग्रजी कागद पाठवलाय. शेवटच्या पानावर 'यापुढे कसलाही दावा करणार नाही'. सोमवारच्या आत सही पाहिजे म्हणे. काका म्हणतात, मिळतंय ते घ्या नि मोकळे व्हा.

वर नावाचा घोळ. वहिनीचं माहेर महाराष्ट्रात, चंदगडला. कंपनीच्या कागदावर वारस म्हणून तिचं माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. नाडकचेरीतून (इथलं सरकारी महसूल कार्यालय) वारसांचा दाखला काढला तर तो कन्नडमध्ये, एजंटाला चालत नाही. सीमाभाग आमच्या पाचवीला पुजलेला, तो इथंही आडवा आला.

सही करावी का? तक्रार कुठं करायची?

प्रतिसाद १ (आता किनाऱ्यावर)
सही अजिबात नको. आधी त्याचा नोकरीचा करार शोधा, त्याला आयटीएफचा (वाहतूक कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना) सीबीए, म्हणजे युनियननं कंपनीशी केलेला सामूहिक करार, लागू आहे का बघा. असेल तर नोकरीत असताना कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी भरपाई मिळते, नैसर्गिक मृत्यूसुद्धा त्यात आला. लहान मुलांमागे रक्कम वेगळी. माणुसकीबिणुसकी काही नाही, हक्काचे पैसे आहेत ते.
एमएलसी 2006 (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) भारतानं 2015 साली मान्य केला, पनामानं त्याआधीच. नोकरीच्या करारातली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी पैशांवर भागवायला दबाव आणायचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. 2017 पासून विम्याचं सर्टिफिकेट बोटीवर लावावंच लागतं. त्याची प्रत मागा, वारसांना थेट विमावाल्याकडे दावा करता येतो. लॉगबुकचा उतारा आणि रेस्ट अवर्सची (विश्रांतीच्या तासांची) नोंदही मागा. सलग किती तास राबवला ते त्यात कळेल. एजंट ऐकत नसेल तर त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) नंबर घालून मुंबईला डीजी शिपिंगकडे (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) लेखी तक्रार.

प्रतिसाद २ (बेळगावची वकीलबाई)
कन्नड दाखल्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून द्या. दोन्ही नावं एकाच बाईची, असं वहिनीचं ॲफिडेव्हिट करा. चंदगडला लग्नाची नोंद झाली असेल तर तो दाखलाही जोडा. एजंटाशी फोनवर बोलणं बंद, जे काय ते ईमेलवर.

धागाकर्ता
करार वहिनीच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली निघाला. दुसऱ्याच पानावर आयटीएफ असं दिसतंय. फोटो इथं टाकू का?

आता किनाऱ्यावर
इथं नको, सगळ्यांची नावं दिसतील. व्यनि (खासगी निरोप) करा, आज रात्रीच बघतो.